मॅनेजरची खाज

आमच्या पार्लरचा मॅनेजर म्हणजे एक कुत्रा आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे कोणाचा गोंधळ नको. पिवळट रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला, कुठल्याही जातीत न बसणारा. दुकान उघडलं की सगळ्यांत आधी तो आत शिरायचा, खुर्च्यांचा वास घ्यायचा, आरशासमोर क्षणभर थांबायचा आणि मग दाराशी बसून येणारी-जाणारी माणसं तपासायचा. गिऱ्हाईक आलं की उठून उभा, गेलं की पुन्हा बैठक. काम शून्य आणि रुबाब केवढा. म्हणून मॅनेजर.

पार्लर माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं. दुकान तळमजल्यावर आणि घर बरोबर त्याच्या डोक्यावर. आमचे नवरे सख्खे भाऊ, एकाच बोटीवर नोकरीला. वर्षातले बरेच महिने ते समुद्रावर असतात आणि घरी आले की पहिले चार दिवस त्यांना जमीनच हलल्यासारखी वाटते. एरवी घरात मी, धाकटी आणि सासूबाई. सासूबाईंना मॅनेजर पहिल्या दिवसापासून नको होता. तो त्यांच्या खोलीकडे फिरकला तरी त्या हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून टेबलावर आपटायच्या. त्याला मारलं कधीच नाही, पण आपटायच्या मात्र अगदी मनापासून.

खाज कधी सुरू झाली हे नेमकं कोणालाच सांगता येणार नाही. आधी तो नुसते पंजे चाटायचा. मग कान खाजवायला लागला, मग पोट. बघता बघता काखेतले केस गेले आणि खालची कातडी लाल, जाडसर, ओलसर दिसायला लागली. दिवसभर दुकानात ड्रायरच्या आवाजाखाली एक दुसरा आवाज चालू असायचा, मागचा पाय फरशीवर आपटत खाजवण्याचा. गिऱ्हाईक डोळे मिटून डोकं धुऊन घेत असलं तरी मध्येच विचारायचं, “ते काय वाजतंय?”

गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. आठवडाभर स्वस्थता, पुन्हा खाज. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा तेच. खाणं बदलून पाहिलं, साबण बदलून पाहिला. शेवटी ते म्हणाले, “स्किन स्पेशालिस्टला दाखवा. मी आता अंधारात बाण मारत बसणार नाही.” माणूस सरळ, मला तेच आवडलं. पण ऐकून मला हसूही आलं. केसांच्या रंगाने माझ्या स्वतःच्या बोटांची सालं निघाली तेव्हा मी घरातल्या मलमावर भागवलं होतं आणि मॅनेजरला स्पेशालिस्ट.

तेवढ्यात सेक्रेटरी मध्ये पडले.

आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहणारे बिल्डिंगचे सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ आहेत. कशातून निवृत्त हे कोणी विचारत नाही, कारण विचारलं की ते सांगत बसतात. एका सकाळी मी शटर वर करत होते तेव्हा ते येऊन उभे राहिले, मॅनेजरपासून चांगलं चार हात लांब.

“वहिनी, ही खरूज आहे,” ते म्हणाले. “बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. आमच्या घरात सगळ्यांना खाजायला लागलंय.”

“कधीपासून?”

“ह्याला बघितल्यापासून.”

“बघून लागते का खरूज?”

“ते मला माहीत नाही. पुढच्या मीटिंगच्या आत ह्याची सोय लावा. गावाबाहेर एक शेल्टर आहे. मी फोन करून ठेवलाय.”

फोन करून ठेवलाय, हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या कुत्र्याची सोय लावणारे हे कोण? मी म्हटलं, “सेक्रेटरीसाहेब, मलाही अधूनमधून खाजतं. माझ्यासाठीही एक जागा सांगून ठेवा.” त्यांना ते ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकू येऊ दिलं नाही.

धाकटी आतून सगळं ऐकत होती. ती मनात काही ठेवत नाही, हा तिचा गुणही आणि त्रासही. “ताई, ते चुकीचं बोलतात, पण गिऱ्हाईक कमी झालंय हे खोटं आहे का?” ती म्हणाली. “बाई दारात येते, ह्याची लाल काख बघते आणि ‘नंतर येते’ म्हणून निघून जाते. दुकान माझंही आहे. शेल्टरमध्ये त्याला मारणार थोडेच आहेत?”

“तो इथून जाणार नाही,” मी म्हटलं.

“मग बरा तरी करा.”

एवढंच होतं सगळं. मीटिंगच्या आत मॅनेजर बरा झाला पाहिजे, निदान त्याला काय झालंय हे तरी कळलं पाहिजे, नाहीतर त्याची रवानगी. मी त्याच दिवशी स्पेशालिस्टची वेळ घेतली.

त्यांच्या दवाखान्यात बसलं की आपलं जनावर फार बरं वाटायला लागतं. एका टोपलीत मांजर होतं, त्याच्या पाठीला केसच नव्हते. एक जाडा कुत्रा भिंतीला अंग घासून घासून भिंतीचा रंग स्वतःला लावून घेत होता. सगळे मालक एकमेकांकडे नजर चुकवून बघत होते आणि सगळेच हळूच स्वतःचा दंड, मान, पोटरी खाजवत होते. मीसुद्धा. ती खाज आपल्या मनातलीच असते, पण हात काही ऐकत नाही.

डॉक्टर बाई होत्या, आमच्या धाकटीपेक्षाही लहान. नखं मुळापर्यंत कापलेली, गळ्यात एक भिंग लोंबत होतं. त्यांनी मॅनेजरला लगेच हात लावला नाही. स्वतः खाली फरशीवर मांडी घालून बसल्या आणि मला प्रश्न विचारायला लागल्या. तो झोपतो कशावर? आधी खाज आली की आधी कातडी लाल झाली? उन्हाळ्यात जास्त की थंडीत? दिवसाचा किती वेळ कुठे असतो?

“माझ्याबरोबर. पार्लरमध्ये,” मी म्हटलं.

“आणि झोपतो?”

“तिथेच. केस झाडून कोपऱ्यात ढीग केला की त्यावर जाऊन बसतो. मऊ लागतं त्याला.”

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग ब्लेडच्या बोथट कडेने त्याची कातडी हलकेच खरवडली, काचेवर घेतली आणि मायक्रोस्कोपमध्ये बराच वेळ पाहत राहिल्या.

“खरूज नाही,” त्या म्हणाल्या. “किडे नाहीत, बुरशी नाही. हे कोणालाही लागणार नाही. ॲलर्जी दिसते आहे. कशाची, ते शोधू.”

मला तिथल्या तिथे सेक्रेटरींना फोन लावावासा वाटला. लावलाच. ते म्हणाले, “मग काय आहे? नाव सांगा. नाव नसलेला रोग मी बिल्डिंगमध्ये ठेवून घेऊ शकत नाही.” माणूस हट्टाला पेटला की त्याला मायक्रोस्कोपही दिसत नाही.

शोधायची रीत अशी होती. कुत्र्याच्या कुशीवरचे केस काढायचे, गुंगीचं इंजेक्शन द्यायचं आणि उघड्या कातडीत ओळीने बारीक सुईने थेंब थेंब टोचायचा. एक थेंब धुळीतल्या किड्यांचा, एक गवताचा, एक बुरशीचा, असे बरेच. ज्याची ॲलर्जी असेल तिथे गांधी उठते. पण त्याआधी काही दिवस खाजेचं एकही औषध त्याच्या अंगात जाता कामा नये. गोळी नाही, इंजेक्शन नाही, मलम नाही. डॉक्टरांनी मला ते तीनदा बजावलं.

ते दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. औषध बंद झाल्यावर मॅनेजर स्वतःला फाडून काढायला निघाला. मी त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचा तो मोठा फनेल घातला तर तो आरशासमोर उभा राहून स्वतःवरच गुरगुरला. मग माझा जुना टी-शर्ट घातला. दुकानात आता मॅनेजर टी-शर्ट घालून बसतो म्हटल्यावर काही गिऱ्हाइकं हसली आणि तेवढ्याने थांबली. निघून जाणाऱ्यांतली निदान अर्धी तरी.

तपासणीच्या दिवशी धाकटी बरोबर आली. मला वाटलं माझ्यासाठी, पण खरं तर निकाल स्वतःच्या कानाने ऐकायला. डॉक्टरांची मदतनीस मशीन घेऊन त्याच्या कुशीवरचे केस काढायला लागली तेव्हा माझ्याने बघवेना. मी म्हटलं, “मी करू का? माझं रोजचंच आहे.” डॉक्टर हसल्या आणि बाजूला झाल्या. मी कातडी ताणून धरली, मशीन आडवं धरलं, मध्ये मध्ये पातं बोटाने तपासत राहिले, कारण पातं तापलं की कातडी भाजते. इतक्या माणसांचे केस कापले, पण पातं इतक्यांदा कधी तपासलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेनाने ठिपके काढले आणि टोचत गेल्या. मॅनेजर जीभ बाहेर टाकून गुंगीत पडला होता. आम्ही तिघी त्याच्या कुशीकडे टक लावून बसलो. एक ठिपका नुसत्या पाण्याचा होता, तो फुगायलाच नको होता. दुसरा मात्र कुठल्याही कुत्र्याच्या अंगावर फुगायलाच हवा असा होता, तपासणी नीट चालली आहे हे समजण्यासाठी.

काहीच फुगलं नाही. फुगायलाच हवा तो ठिपकाही नाही.

डॉक्टरांनी भिंग डोळ्यावरून खाली केलं. “याच्या अंगात औषध आहे,” त्या म्हणाल्या. “कोणीतरी याला गोळी दिली आहे, कालपरवाच. आज काही कळणार नाही. पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागेल.”

टॅक्सीत मॅनेजर माझ्या मांडीवर आणि धाकटी शेजारी. मी तिच्याकडे नुसतं बघितलं.

“माझ्याकडे काय बघता?” ती म्हणाली. “तो जायला हवा हे मी तुमच्या तोंडावर सांगते. चोरून गोळ्या घालायचे धंदे माझे नाहीत.”

ते खरं होतं. मग कोण? माझ्या डोक्यात सेक्रेटरीच आले. जिन्यात गाठून काहीतरी खाऊ घातलं असेल, तपासणी फसावी म्हणून. मी घरी पोहोचेपर्यंत त्यांच्याशी मनातल्या मनात दोनदा भांडून झाले होते आणि दोन्ही वेळा जिंकले होते. घरात शिरताच मी तोंड सोडलं. “कोणी दिली ह्याला गोळी? कोण आलं होतं इथे?”

सासूबाई खोलीतून बाहेर आल्या. म्हणाल्या, “ओरडू नकोस. मी दिली.”

“तुम्ही?” मी म्हटलं.

“दुपारी तुम्ही दोघी खाली असता,” त्या म्हणाल्या. “हा जिन्याने वर येतो आणि माझ्या दाराबाहेर बसून खाजवतो. पाय आपटतो तो माझ्या दारावर. किती ऐकायचं? मला पित्त उठतं तेव्हा मी घेते ती गोळी. मला आराम पडतो. मुक्या जनावराला का नको? अर्धीच दिली. लोण्यात घालून.”

“किती दिवस?”

“रोज.”

“आई, तुम्हाला सांगितलं होतं ना मी? एकही गोळी द्यायची नाही म्हणून?”

“डॉक्टरची देऊ नका म्हणालीस. ही माझी होती.”

मी चिडले. खूप चिडले. म्हटलं, तुम्हाला तो डोळ्यासमोर नको असतो आणि लोणी मात्र खाऊ घालता. म्हटलं, तुमच्या त्या अर्ध्या गोळीने त्याला घरातून बाहेर काढलं बघा. त्या मॅनेजरकडे बघत होत्या, त्याच्या उघड्या कुशीवरच्या पेनाच्या ठिपक्यांकडे. मग खोलीत गेल्या आणि गोळ्यांची पट्टी आणून माझ्या हातात दिली. मी ती कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. मग मला आठवलं की त्यांना पित्त उठलं तर लागेल, म्हणून पुन्हा उघडून परत दिली. राग धरून ठेवायलासुद्धा घरात जागा लागते.

डॉक्टरांच्या हातापाया पडून पुढची वेळ मिळवली, ती बरोबर मीटिंगच्या दिवशीची. सकाळी तपासणी, संध्याकाळी मीटिंग. मधल्या दिवसांत सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली, ‘त्वचारोगी श्वानाबाबत निर्णय’. त्वचारोगी श्वान. मी मॅनेजरला उचलून फलकासमोर नेलं आणि म्हटलं, “बघ, किती मान दिलाय तुला.” आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याला दाराच्या आत नाही, तर दुकानाच्या काचेला लागून बसवलं, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असं. लपवायचं नाही. ज्याला यायचं तो बघून येईल.

एक मास्तरीणबाई आल्या, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. मी त्यांचे केस कापत होते आणि मॅनेजरने पाय आपटायला सुरुवात केली. त्या ताडकन उठल्या. “मला नाही बसवणार इथे.” मी म्हटलं, “जा की. पण डावी बाजू खांद्यापर्यंत आहे आणि उजवी कानापर्यंत, तेवढं आरशात बघून जा.” त्या पुन्हा बसल्या. जाताना मात्र त्यांनी मॅनेजरकडे बोट करून विचारलं, “फार दुखतं का हो त्याला?” मी हो म्हटलं. मग त्या निघून गेल्या आणि मी बराच वेळ कंगवे धूत बसले, धुतलेलेच पुन्हा.

सासूबाईंनी गोळी द्यायची बंद केली. पण दुपारी मी काहीतरी घ्यायला वर गेले तर त्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या. मॅनेजरचा मागचा पाय त्यांनी आपल्या पायाखाली हलकेच दाबून धरला होता, खाजवता येऊ नये म्हणून. वर्तमानपत्र वाचत होत्या. मला बघून म्हणाल्या, “अंगावर पाय पडला आहे चुकून.” मी हवं ते घेऊन खाली आले.

मीटिंगच्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पुन्हा गुंगी, पुन्हा ठिपके, पुन्हा आमचे डोळे त्याच्या कुशीला चिकटलेले. ह्या वेळी फुगायचा तो ठिपका टम्म फुगला. मग धुळीतल्या किड्यांचा थोडासा उठला. एक गवताचा, जेमतेम. आणि खालच्या ओळीतला एक असा चढत गेला की डॉक्टरांनी पट्टी लावून मोजला आणि पुन्हा एकदा मोजला.

“हा कशाचा?” मी विचारलं.

“माणसाचा,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या थट्टा करतात.

“माणसाच्या कातडीचे बारीक पापुद्रे गळत असतात ना, सगळ्यांच्याच. डोक्यातून पडला की तुम्ही त्याला कोंडा म्हणता. त्याची याला ॲलर्जी आहे. असे कुत्रे असतात.”

धाकटी फस्सकन हसली. मग मीही हसले. सगळी बिल्डिंग सांगत होती की कुत्र्यामुळे माणसांना खाज सुटते, आणि इथे माणसांमुळे कुत्र्याला सुटली होती. हसता हसता मी थांबले. कारण मी दिवसभर करते काय? माणसांची डोकी झाडते. आणि तो बसतो कुठे? त्याच्या ढिगावर. मी जिथे त्याला लाडाने बसवलं होतं तीच जागा त्याला सोलून काढत होती. मला रडू आलं आणि ते डॉक्टरांसमोर आलं म्हणून आणखी राग आला.

“म्हणजे सेक्रेटरी म्हणतात तेच करायचं,” मी म्हटलं. “लांब पाठवायचं.”

“कुठे?”

“गावाबाहेर. शेल्टरमध्ये.”

“तिथे कुत्र्यांना खायला कोण घालतं?” डॉक्टर म्हणाल्या. “माणसंच ना? माणसांशिवाय कुत्रा राहील अशी जागा मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असली तर सांगा.” मग त्यांनी नीट समजावलं. दुकानात आणायचं नाही. कमीत कमी वर्दळीच्या खोलीत ठेवायचं, रोज ओल्या फडक्याने फरशी पुसायची, दर आठवड्याला अंघोळ. आणि लस. ज्याने त्याला खाज सुटते तेच, अगदी थोडं थोडं, वाढवत वाढवत टोचायचं, म्हणजे त्याच्या अंगाला सवय होईल. “पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही. सगळ्यांना लागू पडतेच असंही नाही. वर्षभर तरी धीर धरावा लागेल.”

मॅनेजर गुंगीतून जागा होत होता. मान धरवत नव्हती. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि डोकं माझ्या तळहातावर टाकलं, पूर्ण वजनानिशी. मी हात तसाच ठेवला. मला जे ठरवायचं होतं ते ठरलं.

मीटिंग तळमजल्यावर, पार्किंगच्या मोकळ्या जागेत. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, बिल्डिंगमधली निम्मी माणसं. सासूबाई सहसा कुठल्याच मीटिंगला येत नाहीत. त्या दिवशी आल्या आणि मागच्या खुर्चीत बसल्या. मॅनेजर माझ्या पायाशी, टी-शर्टात.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. मी त्यांना सुरू होऊच दिलं नाही. उभी राहिले आणि डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला, मोठ्याने, सगळा. खरूज नाही. कोणाला लागत नाही. त्याला आपली ॲलर्जी आहे. माणसांची.

लोक हसले. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ आपला शर्ट झटकायला लागले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि हात खाली घेतला. मला वाटलं, जिंकले.

पण सेक्रेटरी हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “वहिनी, मग तर प्रश्नच मिटला. त्याला माणसं सोसत नाहीत आणि तुम्ही त्याला माणसांनी भरलेल्या बिल्डिंगमध्ये ठेवता. आम्ही सोडा, आता त्याच्याच भल्यासाठी त्याला पाठवा. का तुमच्या हौसेपायी त्याने सोलून निघायचं?”

ते बरोबर तिथेच बोट ठेवत होते जिथे सकाळी माझं मलाच दुखलं होतं. पण सकाळी मी रडून घेतलं होतं. आता रडायला काही शिल्लक नव्हतं.

“हो, त्याला माणसं सोसत नाहीत,” मी म्हटलं. “तरी तो दुसरीकडे कुठे गेला नाही. दार दिवसभर उघडं असतं, सेक्रेटरीसाहेब. त्याचं भलं कशात आहे ते त्याला एकट्याला टाकून ठरवू नका. आम्ही त्याला लस टोचणार आहोत. माणसांचीच, थोडी थोडी. वर्ष लागेल. तोपर्यंत तो खाजवेल, पाय आपटेल, तुम्हाला ऐकू येईल. येऊ दे.”

“आणि दुकान?” कोणीतरी विचारलं.

धाकटी उठली. “दुकानात त्याला मी येऊ देणार नाही,” ती म्हणाली. “ताईंनी आणला तरी नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. पण तो बिल्डिंगमध्ये नको असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.” आणि खाली बसली. दवाखान्यातून आल्यापासून ती माझ्याशी नीट बोलली नव्हती. मला वाटलं होतं की ती रागावली आहे.

सेक्रेटरींनी दोन्ही हात पसरले. “दुकानात नाही, मग ठेवणार कुठे? तुमच्या घरात एकच शांत खोली आहे आणि ती आजींची. आणि आजींना कुत्रा नको आहे, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे.”

सगळे मागे वळले. सासूबाई खुर्चीचे हात धरून उठल्या. त्यांना उठायला वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे थांबले.

“नकोच आहे,” त्या म्हणाल्या. “तो माझ्या खोलीत राहील.”

“अहो आजी, नको आहे म्हणता आणि...”

“मला तुम्हीही नको आहात. इतकी वर्षं तुमच्या चपलांचा आवाज माझ्या डोक्यावर चालतो. म्हणून मी तुम्हाला कुठे पाठवायला फोन करून ठेवला का?”

सेक्रेटरींनी समोरचे कागद उचलले, खाली ठेवले. मग म्हणाले की विषय पुढच्या मीटिंगला घेऊ. मी म्हटलं, “घ्या. आम्ही तिघी पुन्हा येऊ.”

सासूबाई तोवर जिन्याकडे निघाल्या होत्या. त्यांनी त्याला हाक मारली नाही, मागे वळून बघितलंही नाही. मॅनेजर उठला, अंग झटकलं आणि त्यांच्या मागे गेला. तिसऱ्या पायरीवर त्याला खाज आली आणि तो बसून पाय आपटायला लागला. सासूबाई कठडा धरून थांबल्या. त्याचं खाजवून झालं तेव्हा त्यांनी पुढची पायरी चढली, आणि मग तोही चढला.